स्पॅनिशचा पहिलाच धडा

लातुरात राहून मला एक क्लास सापडेना, असं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. आमच्या गल्लीत उभं राहून डोळे मिटून दगड मारला तरी तो कुठल्या ना कुठल्या क्लासच्या बोर्डावरच बसतो. फिजिक्सचा क्लास, बायोलॉजीचा क्लास, नापास झालेल्यांचा क्लास, पहिल्या आलेल्यांना आणखी वर काढायचा क्लास. मी स्वतः त्यांच्याच जिवावर जगते. माझी मेस आहे. डॉक्टर व्हायला बाहेरगावाहून आलेली पोरं-पोरी माझ्या हातची पोळी-भाजी खातात आणि पळतात. अशाच एका क्लासच्या काउंटरवर मी विचारलं, "दादा, स्पॅनिश शिकवता का?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू त्याच्याकडं म्हैस मागितली होती.

"मेडिकलच्या परीक्षेला येतंय का ते?"

"न्हाई."

"मग कशाला पाहिजे?"

कशाला पाहिजे ते त्याला काय सांगणार होते, कप्पाळ! तरातरा बाहेर आले आणि पुढच्या बोर्डाखाली जाऊन तेच विचारलं.

पाहिजे होतं माझ्या लेकीला. एकुलती एक, बारा वर्षांची, सातवीतून शाळा सुटलेली. सुटली म्हणजे मीच काढली. तिला फिट येतात. गोळ्या चालू आहेत, तरी मधूनच येते. एक दिवस फिट वर्गातच आली. बाई घाबरून बाहेर पळाल्या, शिपायाला घेऊन आल्या, आणि त्यानं पायातली चप्पल काढून माझ्या लेकराच्या नाकाला लावली. आमच्याकडं अजून हेच चालतं, कांदा न्हाईतर चप्पल. त्या माणसाचं तरी काय चुकलं, त्याच्या घरीही तेच करत असतील. पण सगळा वर्ग बघत होता. दुसऱ्या दिवसापासून ही वर्गात शिरली की पोरं चपला काढून हातात धरायची, तयारीत. आणि हसायची.

हे मला तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या एका पोरीच्या आईनं भाजी घेताना सांगितलं. मी तशीच पिशवी घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो, पण बाकीची लेकरं पण घाबरतात. काही दिवस घरी ठेवा." मी म्हणलं, काही दिवस कशाला, कायमचीच नेते की. आणि दाखला मागितला. असा आवाज लावला होता मी, की शिपाई खिडकीतून बघत होता.

घरी शिकवायचं ठरलं. होमस्कूलिंग म्हणतात म्हणे याला, मोबाइलवर वाचलं. शहरातले लोक मुद्दाम करतात, हौसेनं. आमच्याकडं हौस कसली! मी बारावी पास, हे आडतीवर कामाला, सकाळी जे सोयाबीनच्या ढिगाऱ्यात जातात ते संध्याकाळीच येतात. मी पोळ्या लाटता लाटता अपूर्णांक शिकवायला बसले. ती हूं की चूं करेना. पुस्तक मांडीवर, नजर भिंतीवर. मग पुस्तकही सुटलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची. केस विंचरले नाहीत, अंघोळीला ढकलावं लागायचं. "जेवतीस का?" "हं." "गोळी घेतलीस?" "हं." तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली मेसची पोरं जिन्यावरून धडाधड उतरायची, तो आवाज आला की ती चादर डोक्यावर ओढून घ्यायची.

फिटची भीती वाटते, कुणाला वाटत नाही? पण फिट येते आणि जाते. हे भिंतीकडं तोंड जाईना. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडी सुस्ती येते, पण हे मनाचं दिसतंय. तिला आवडेल असं काहीतरी द्या. काय आवडेल ते कळलं असतं तर मी चंद्रावरून आणलं असतं. रंग आणले, लोकर आणली, मांजराचं पिल्लू आणलं. ते पिल्लू मलाच लळा लावून बसलं.

आणि एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन. म्हणाली, "मम्मी, मला स्पॅनिश शिकायचंय."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "का गं बाई? कुठून काढलंस हे?"

"मोबाइलवर ऐकलं. इथं कुणालाच येत न्हाई ते."

एवढंच बोलली आणि परत जाऊन पडली. पण मला तेवढं बस्स झालं. स्पॅनिश काय, तिनं कावळ्यांची भाषा मागितली असती तरी मी कावळे गोळा केले असते.

आता निवडायचं कसं? गवार निवडता येते मला, तांदूळ निवडता येतो. लातूरच्या बाईला क्लासही निवडता येतो, आम्हाला ते बाळकडूच मिळतं. निकाल विचारायचा, टेस्ट सिरीज किती ते विचारायचं, नोट्स छापील आहेत का बघायचं, आणि सगळ्यांत शेवटी डेमो. डेमो बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी रुपया सोडत नाही. उन्हाळ्यात माझ्या मेसची नवी पोरं नुसती डेमोला हिंडतात, या क्लासला दोन दिवस फुकट बसतात, त्या क्लासला दोन दिवस, मग ठरवतात. मीही तसंच करायचं ठरवलं. शहरात कुणी नव्हतं, मग ऑनलाइन शोधलं.

पुण्याच्या एका बाईंना फोन लावला. "मॅडम, निकाल किती लागतो तुमचा?"

"निकाल?" त्या बाई हसायला लागल्या. "अहो, भाषा आहे ती. मुलांना आनंद मिळाला पाहिजे."

"ते मिळंल हो, पण टेस्ट कितीला असते? दर रविवारी असते का?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करायलीये. मी चेष्टा करत नव्हते. माझं लेकरू बुडायलं होतं आणि मला दोर बळकट पाहिजे होता, दोर बळकट आहे का हे बघायची मला एवढी एकच रीत माहीत होती.

आणि प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणे, पहिलं वर्षभर पुस्तक उघडायचंच नाही, नुसत्या गोष्टी ऐकायच्या. दुसरा म्हणे, व्याकरण आधी, त्याशिवाय पाया कच्चा. तिसरीकडं गाणी आणि चित्रं. चौथ्यानं स्पेनची वेगळी आणि तिकडच्या अमेरिकेतली वेगळी असं काढलं, आपली कुठली पाहिजे ते सांगा म्हणे. मी काय सांगणार, डोंबल! रात्री हे आडतीवरून आले की त्यांना विचारायची. ते बिचारे दमलेले. "तिला इचार की," म्हणायचे. "शिकायचं तिला हाय." जाऊबाईंना कळलं तर त्या म्हणाल्या, लेकराला धड पाढे येईनात आणि तुम्ही तिला परदेशी भाषेत घालायलात, काय डोकंबिकं फिरलंय का. मी तोंड बंद ठेवलं. ठेवलं म्हणजे, मी म्हणलं तुमच्या घरचं बघा. तेवढंच.

पहिला डेमो दिल्लीच्या एका तरुण पोरीचा होता. त्या दिवशी माझ्या लेकीनं स्वतःहून केस विंचरले. धुतलेला ड्रेस घातला. मोबाइल डब्याला टेकवून बसली, आणि मी पडद्याआड कणीक भरल्या हातांनी उभी. त्या पोरीनं विचारलं, "कोमो ते यामास?" म्हणजे नाव काय तुझं. मग "दे दोन्दे एरेस?" गाव कुठलं. मग वय किती. हिंदीत समजावून सांगायची, मग परत स्पॅनिशमध्ये विचारायची. माझ्या लेकीनं हळू आवाजात नाव सांगितलं, लातूर सांगितलं, बारा सांगितलं. त्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. आणि माझी लेक हसली. दात दिसेपर्यंत हसली! मी आत पळाले. तव्यावरची पोळी काळी झाली होती, मी तिथंच तोंडात पदर कोंबून रडले.

डेमो संपल्यावर विचारलं, "घेऊ का मग हाच?"

"नको. दुसरा बघू."

बरं, म्हणलं, चोखंदळ आहे, लातूरची आहे. दुसरा लावला. तिथंही तेच, नाव, गाव, वय. हसली, बोलली. "हा घेऊ?" "नको. आणखी बघू." तिसरा. चौथा. व्याकरणवाला झाला, गाणीवाला झाला, पुण्याच्या बाई झाल्या. ज्या दिवशी डेमो असेल त्या दिवशी अंघोळ, केस, ड्रेस. नसेल त्या दिवशी भिंत. मी वेड्यासारखी डेमो शोधायला लागले. भाजी चिरता चिरता फोन, डबे भरता भरता फोन. काही जण ओळखायलाही लागले, "ताई, तुम्ही मागच्या आठवड्यात पण फोन केला होता ना?"

मग एक वेगळंच सुरू झालं. एका डेमोत तिनं नाव म्हणून मांजरीचं नाव सांगितलं. गाव सांगितलं जळकोट. जळकोट माझं माहेर, ती तिथं सुटीला दोनदा गेलेली. मास्तर म्हणाले, छान. पुढच्या डेमोत ती शिरूर अनंतपाळची झाली. त्या दिल्लीकडच्या माणसाला ते नाव म्हणता म्हणता घाम फुटला, आणि ही खुदुखुदु हसायली. वय सांगितलं नव्वद. माझं लेकरू स्वतःचं नाव विसरायलं! गोळ्यांनी मेंदूवर परिणाम होतो म्हणून कुणीतरी सांगितलंच होतं. मी तशीच डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, ती नाव-गाव चुकीचं सांगायली."

"फिट आली होती का?"

"न्हाई. स्पॅनिशच्या डेमोत सांगायली."

"मग गंमत करत असेल, ताई."

गंमत! वर्षभरात ज्या लेकरानं गंमत केली नाही ते आता करेल, यावर माझा विश्वास बसेना. मी रोज सकाळी तिला दात घासताना विचारायला लागले, आज वार कोणता, बापाचं नाव काय. ती माझ्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची.

शेवटी माझा संयम सुटला. एवढे डेमो झाले आणि गाडी नाव-गाव-वयाच्या पुढं सरकेना. पहिला धडा, पहिला धडा, परत पहिलाच धडा! मेसच्या पोरांत असा एक असतो दरवर्षी, डेमोच करत बसतो आणि निम्मा अभ्यासक्रम निघून जातो. मी तिला न विचारता व्याकरणवाल्याचे वर्षाचे पैसे भरून टाकले. त्याच्याकडं दर आठवड्याला टेस्ट होती, छापील नोट्स होत्या. मला वाटलं, आता रस्ता बांधला.

ती पहिल्या तासाला बसली. मास्तरांनी नाव-गाव विचारलं, तिनं सांगितलं. दुसऱ्या तासाला क्रियापदं आली. तिसऱ्या तासाला तिनं केस विंचरले नाहीत. त्यानंतर मोबाइल लावून दिला तरी ती उठेना. मास्तर तिकडून हाक मारायले, "बेटा, बेटा," आणि ही भिंतीकडं. मी तिला हाताला धरून ओढलं. ओढलं मी, हो. ती नुसती सैल होऊन गादीवर पडली. मी मोबाइल बंद केला आणि तिथंच जमिनीवर बसले. माझ्याकडचं सगळं संपलं होतं. एक गोष्ट तिनं आपल्या तोंडानं मागितली होती, तीही मी विझवून टाकली होती. आता ही माझ्या हातून जाणार, जिवंत राहील पण जाणार, असं मला त्या दुपारी पक्कं वाटलं. मेसची पोरं खाली ताटं वाजवत होती, आणि मला उठून वाढायला जाववेना.

त्याच आठवड्यात तिला फिट आली. दुपारी, गादीवरच. मला आता सगळं पाठ झालंय: कुशीवर वळवायचं, उशी काढायची, तोंडात काही घालायचं नाही, मोबाइलवर वेळ बघायची. थांबली की वाट बघायची. आणि डोळे उघडले की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं विचारायचं. "नाव काय, बाळा? नाव सांग." तिचे ओठ हलतात, शब्द येत नाही. "गाव कुठलं आपलं? कितवं वर्ष तुला?" त्या दिवशी तिला आधी काहीच सांगता येईना. मग वय सांगितलं चार. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रडायले आणि विचारायले, रडायले आणि विचारायले, बरोबर येईपर्यंत. बरोबर आलं तेव्हा ती घामानं भिजली होती. मीही.

नांदेडला माझी धाकटी बहीण असते. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत तिचं हातात घालायची कडी, रुमाल, माळा असलं दुकान आहे. देशोदेशीचे लोक दर्शनाला येतात, त्यांच्यावर तिचं पोट. तिला मी सगळं रडगाणं सांगितलेलं होतं. तिचा फोन आला, "अक्का, ऐक. दुकानात एक पंजाबी बाई आलती, लेक घेऊन. स्पेनमधी राहतेत म्हणं! अजून हायत त्या दोन दिवस. तू ये, इचार त्यांना कोणता क्लास चांगला."

देवच पावला म्हणलं. जे लोक तिथं राहतात त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार? मेस यांच्या आणि कामवालीच्या गळ्यात टाकली, लेकीला उठवलं, एसटीत बसवलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, ती खिडकीला डोकं टेकून गप्प. मी मोबाइलमध्ये सगळ्या क्लासची माहिती काढून ठेवली होती, एकेक दाखवणार होते त्या बाईंना.

बाई माझ्याच वयाच्या, डोक्यावरून ओढणी, बोलायला मोकळ्या. त्यांची लेक चौदा-पंधराची, जीन पँट आणि डोक्याला रुमाल. बहिणीनं चहा टाकला. मी आमच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झाले, "बहनजी, ये देखो, ये व्याकरणवाला है, ये कहानीवाला. कौनसा अच्छा?"

त्यांनी मोबाइल बघितला आणि परत दिला. "बहनजी, मुझे क्या पता. मैंने तो कोई कोर्स किया नहीं. वहाँ रहते-रहते आ गई. अभी भी गलत बोलती हूँ, ये हँसती है मुझ पर."

"और बेटी?"

"ये तो वहीं के स्कूल में पढ़ी."

झालं. एवढ्या लांबून आले ते यासाठी! मी चहाचा कप हातात धरून बसले. बाईंनी माझ्या लेकीकडं बघून विचारलं, "बच्ची को क्या बनना है?" त्यावर मी काय सांगणार होते? मला ती नुसती उठून बसायला पाहिजे होती.

तेवढ्यात त्यांच्या लेकीनं माझ्या लेकीला स्पॅनिशमध्ये विचारलं. तेच, नाव काय. आणि दुकानाच्या स्टुलावर वाकून बसलेली माझी लेक सरळ झाली. नाव सांगितलं. गाव सांगितलं. वय सांगितलं. ती पंजाबी पोरगी खूश झाली आणि भराभरा पुढं बोलायला लागली, काहीबाही विचारायला लागली, शाळा, मैत्रिणी, काय काय. माझ्या लेकीला एक शब्द कळेना. ती थांबली आणि म्हणाली, "ओत्रा वेस." म्हणजे पुन्हा एकदा. त्या पोरीला वाटलं शेवटचं वाक्य पुन्हा. "न्हाई," माझी लेक म्हणाली, आणि बोटानं दाखवलं, पहिल्यापासून. ती पोरगी हसली. परत विचारलं, नाव काय? आता माझ्या लेकीनं मावशीचं नाव सांगितलं. गाव? लोहा. वय? पन्नास. दोघी खिदळायला लागल्या. "ओत्रा वेस!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या दिवसांची, एवढ्या डेमोंची. मी दुकानात गिऱ्हाइकं उभी आहेत हेही बघितलं नाही. "अगं पुढचं शीक की, बाई! किती दिवस नाव, गाव, वय? किती दिवस? माझा जीव घ्यायचाय का तुला? ते सोडून दुसरं काही शिकायचंच न्हाई का तुला?"

मला वाटलं, झालं, आता ही भिंत शोधणार. पण ती माझ्याकडं बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"तू पण तेच इचारतीस ना. फिट आल्यावर. नाव काय, गाव कुठलं, वय किती. आणि मला येईना की तू रडतीस."

मी हातातला कप खाली ठेवला.

"हिथं चुकलं तर कुणी रडत न्हाई, मम्मी. हसतेत. म्हणून मला तेवढंच पाहिजे. पुढचं नको."

बहीण माझ्याकडं बघायली. त्या पंजाबी बाईंना मराठी कळेना, पण काहीतरी झालं हे कळलं. "क्या बोली बच्ची?" त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. "बोलती है कि..." एवढंच आलं. रडू येऊन माझं तोंड वाकडं झालं, आणि माझी लेक लगेच माझ्या तोंडाकडं बघायला लागली, घाबरून, ज्या नजरेनं ती फिटनंतर माझ्या मांडीवरून वर बघते त्याच नजरेनं. तेव्हा मला कळलं की ती नजर फिटची नव्हती. ती माझ्यामुळं होती. मी तोंड दाबून दुकानाच्या मागं गेले आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिले, तरी रडू थांबेना.

पुढचं बहिणीनं सांगितलं बाईंना. बाईंनी माझ्या लेकीला जवळ घेतलं की काय केलं मला माहीत नाही, मी बाहेर आले तेव्हा दोघी पोरी कड्यांच्या पेटीशी बसून परत तेच खेळत होत्या. मी बाजूला बसून ऐकलं. मला ते प्रश्न एव्हाना पाठ झाले होते.

लातूरला आल्यावर व्याकरणवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला, नको म्हणलं. कुठला अभ्यासक्रम निवडला म्हणून आता कुणी विचारलं तर काय सांगू? कुठलाच नाही. मी अजून डेमो शोधते. मुंबईचा झाला, कुठल्याशा केरळच्या बाईंचा झाला. लोकांचा वेळ फुकट घालवते, कळतं मला, लाज पण वाटते. ती पुढं शिकेल का, भिंतीकडं परत जाईल का, शाळा, पुढचं आयुष्य, यातलं मला काहीच माहीत नाही.

आणि परवा तिला परत फिट आली. सकाळी, मेसची पोरं नाश्त्याला बसायच्या वेळेला. मी सगळं केलं, कुशीवर वळवलं, वेळ बघितली. थांबली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःला बजावलं, रडायचं नाही, काही झालं तरी रडायचं नाही. डोळे उघडले तिनं.

"नाव काय, बाळा?"

बराच वेळ लागला. नाव सांगितलं.

"गाव कुठलं आपलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नांदेड."

हे फिटच्या धुक्यातलं नांदेड होतं का गमतीतलं, मला कळेना. तिचे डोळे अजून जड होते, ओठाच्या कोपऱ्याला फेस होता. विचारून खात्री करायची तर परत विचारावं लागणार, आणि परत विचारलं की माझा आवाज फुटणार. गंमत धरायची का धुकं, ते मला न विचारताच ठरवावं लागणार होतं. देवा, मी हसले. हसले म्हणजे काय, घशातून उचकीसारखं काहीतरी निघालं, आणि डोळ्यांतून पाणी आलंच.

तिनं जड हात उचलून माझ्या गालाला लावला.

"तसं न्हाई मम्मी," ती म्हणाली. "नीट हस."